दहा हजार बाट आणि आमचं धुणं

सरकारने फुकट पैसे वाटणं म्हणजे देशाला खड्ड्यात घालणं, असं मी आमच्या गल्लीत चारचौघांत ठणकावून सांगितलं तो मंगळवार होता. शुक्रवारी मी नाव नोंदवलं.

मधल्या तीन दिवसांत माझे विचार बदलले असं कृपा करून कुणी समजू नये. विचार होते तिथेच होते. फक्त मंगळवारी संध्याकाळी आमचं वॉशिंग मशीन घरघर करत दोनदा उडालं आणि कायमचं थांबलं. बुधवारी माझ्या बायकोने, ओरावनने, टबापाशी बसून धुणं धुतलं. गुरुवारी तिचं मनगट सुजलं. शुक्रवारी सकाळी पट्टी बांधलेला हात तिने माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "अहो, तुमची तत्त्वं वाळत घाला जरा, आणि तो फोन हातात घ्या."

तिच्या स्वतःच्या वाट्याचे दहा हजार छपराच्या पत्र्यांत कधीच गेले होते. राहिले होते माझे. दर माणशी दहा हजार बाट, महिनाअखेरीपर्यंत खर्च करा, नाहीतर सरकारजमा. पैसे घेणं मला अपमानाचं वाटत होतं आणि ते बुडणं त्याहून अपमानाचं. अशा कोंडीत सभ्य माणसाचं पित्त खवळतं. माझं खवळलं.

मंगळवारचं भाषण मी बुआलोय मावशींच्या शेवयांच्या गाडीपाशी केलं होतं, हे माझं चुकलंच. आमच्या गल्लीची संसद तिथेच भरते. शेजारचे मोंगकोन साहेब, कर खात्यातून निवृत्त झालेले, माझ्याच बाजूने बोलत होते. "ज्याला गरज आहे त्यालाही दहा, ज्याला नाही त्यालाही दहा. हा कुठला न्याय?" असं ते म्हणाले आणि मी मान डोलावली. मावशींनी झारा आपटला. "साहेब, तुम्हाला दर महिन्याला पेन्शन येते तेव्हा देश बुडत नाही. मला जन्मात एकदा दहा हजार आले की बुडतो होय?"

"पेन्शन ही मी कमावलेली आहे," साहेब म्हणाले.

"आणि मी काय पंचवीस वर्षं इथे झोपा काढल्या? तुम्ही पैसे बँकेत कोंबाल. माझ्या हातात आले की संध्याकाळी मासळीवाल्याकडे, तिथून बर्फवाल्याकडे. खरं तर मला तुमच्या दुप्पट द्यायला हवेत." यावर मी अर्थशास्त्राच्या दृष्टीने सविस्तर उत्तर देणार होतो, पण शेवया थंड होत होत्या.

असो. शुक्रवारी नाव नोंदवलं आणि तिथे नियम वाचला. पैसे फक्त छोट्या दुकानात, दुकानदाराच्या समोर उभं राहून, फोनवरच्या सरकारी ॲपमधून, आणि जिथे तुमची घरनोंदणी आहे त्याच तालुक्यात खर्च करायचे. बँकॉकशेजारच्या या नोंतबुरीला येऊन मला एकतीस वर्षं झाली. इथे माझं लग्न झालं, घर झालं, टक्कल पडलं. पण सरकारदरबारी मी अजून नान प्रांताच्या डोंगरात, आईच्या घरात राहतो. तिच्या घरनोंदणीच्या निळ्या वहीत दोनच नावं आहेत, तिचं आणि माझं. नाव हलवायचा विषय काढला की ती म्हणायची, "असू दे रे. तेवढंच तर राहतोस इथे." आणि मीही कंटाळा करायचो.

तरी तालुका कचेरीत जाऊन आलो. खिडकीतल्या मुलीने माझे सगळे कागद पाहिले, दोनदा जांभई दिली आणि म्हणाली, "काका, नाव आज हलवलं तरी उपयोग नाही. कुणी कुठल्या तालुक्यात खर्च करायचा ती यादी मागेच पक्की झाली. शिवाय वही आणि आईंची सही लागेल."

"मग मी करायचं काय?"

"गावी जा ना," ती म्हणाली, गाव जणू खालच्या मजल्यावर असल्यासारखं.

गल्लीत सल्ल्यांचा पाऊस पडला. मावशींच्या ओळखीचा एक माणूस होता, तो दुकानाचा खोटा व्यवहार दाखवून आठ हजार रोख द्यायचा आणि दोन हजार स्वतः ठेवायचा. "गुन्हा आहे तो," मोंगकोन साहेब म्हणाले. "नाव कायमचं नोंदलं जातं, थावोन. पेन्शनच्या वेळी उकरून काढतात." साहेबांनी 'उकरून' हा शब्द असा उच्चारला की मला पुढचे दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी ओरावनने माझी पिशवी भरली.

आता रजेचं. मी एका खाजगी शाळेत कार्यालयप्रमुख आहे, आणि गेली बारा वर्षं लोकांच्या रजेच्या अर्जांवर 'कारण समाधानकारक नाही' असं लाल शाईने लिहीत आलो आहे. स्वतःच्या अर्जात मी 'तातडीचे कौटुंबिक काम' असं लिहिलं आणि दोन दिवस मागितले. माझ्या हाताखालचा साथित अर्ज घ्यायला आला. त्याने तो शांतपणे वाचला, मग पुन्हा वाचला. "सर, कारण समाधानकारक आहे ना?" एवढंच म्हणाला. कानांपर्यंत लाल झालो मी.

सत्तावीस तारखेला सकाळी गावात उतरलो. हातात चार दिवस होते, त्यातले रजेचे दोन. बघतो तर काय, गावात ही गर्दी! सोंगक्रानच्या, म्हणजे नववर्षाच्या सणालासुद्धा इतकी माणसं येत नाहीत. बँकॉकला टॅक्सी चालवणारे, रायोंगच्या कारखान्यातले, सगळे पिशव्या घेऊन आलेले, सगळ्यांचे हात फोन धरून पुढे. म्हणजे वहीत राहणारा मी एकटाच नव्हतो. आईला माझ्या येण्याचं नवल वाटलं नाही. चिकट भाताची टोपली चुलीवर चढलेलीच होती.

"सरकारने पाठवलं ना?" ती म्हणाली. "कोणी काढली रे ही योजना? डोकं आहे माणसाला."

"आई, ही योजना म्हणजे अर्थव्यवस्थेवरचा..."

"हो हो. आधी खा." तिच्या वाट्याच्या दहा हजारांची तिने पहिल्याच आठवड्यात डुकराची दोन पिल्लं आणि खाद्य आणलं होतं. पिल्लं खांबांवर उभ्या घराखाली गुरगुरत होती.

तालुक्यात वॉशिंग मशीन विकणारं छोटं दुकान एकच, थोंगदीचं. हा थोंगदी शाळेत माझ्या दोन वर्ग मागे होता. पंखे, भाताचे कुकर, गाद्या आणि मधोमध एक पांढरंशुभ्र मशीन, किंमत नऊ हजार आठशे नव्वद. माझा जीव भांड्यात पडला. मी फोन काढला.

"दादा, ते दाखवायचं आहे. विकायचं नाही," थोंगदी म्हणाला.

"मग विकायचं कुठे आहे?"

"उद्या येतंय."

उद्यापर्यंत वेळ होता, म्हणून आईने माझ्याकडून कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करून घेतलं. "बसलाच आहेस तर," असं म्हणून फणसाच्या दोन फांद्या तोडून घेतल्या. संध्याकाळी शेजारच्या चार घरी मला दाखवून आणलं. प्रत्येक घरी एकेक मुलगा किंवा मुलगी शहरातून आलेली, फोन घेऊन अस्वस्थ बसलेली. कुणाला पंखा मिळत नव्हता, कुणाला पत्रे. "माल येतोय म्हणे उद्या," असं सगळेच सांगत होते. पुरवठ्याचं नियोजन नसलं की असंच होणार, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांच्या आया एकमेकींकडे बघून सुपाऱ्या कातरत होत्या.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं, पण नेटवर्क गेलं. "गावात नेटवर्क फक्त देवळाच्या टेकडीवर," थोंगदी म्हणाला. "आणि व्यवहार समोरासमोरच करायचा. म्हणजे मलाही चढायला हवं. माझा गुडघा बघा दादा." गुडघा मी बघितला. दोनशे पायऱ्या आम्ही पाऊण तासात चढलो. प्रत्येक वीस पायऱ्यांवर तो बसायचा आणि मी घड्याळ बघायचो. वर पोचल्यावर ॲप म्हणालं, चेहरा दाखवा. दाखवला. डावीकडे वळा. वळलो. तोंड उघडा. उघडलं. डोळे मिचकावा. तेवढ्यात गावातल्या दोन प्रौढ बायका फुलं घेऊन वर आल्या, आणि मी तोंड वासून त्यांच्याकडे बघत डोळा मारतो आहे असं दृश्य त्यांना दिसलं. फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. ओळखपत्रातल्या फोटोत मला केस होते, त्याला मी काय करणार? तीनदा केलं. मग फोनने मला सरळ बाहेर काढलं आणि चोवीस तासांनी या असं सांगितलं.

खाली उतरण्याआधी तिथूनच शाळेत फोन लावला. आणखी दोन दिवस रजा हवी असं साथितला सांगितलं. "सर, अर्जावर काय लिहू?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते लिही." हे वाक्य बारा वर्षांत माझ्या तोंडून पहिल्यांदाच गेलं.

मग ओरावनचा फोन आला. मनगट कसं आहे असं मी विचारलं, तर म्हणाली, "आता दुसरंही दुखतंय." ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच दमलेली होती. या बाईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं ते देशाने माझ्या खिशात घातलेलं असूनही मला आणता येत नव्हतं.

एकोणतीस तारखेला थोंगदीचं दुकान बंद. दारावर पाटी: मामा वारले. मी पायरीवरच बसलो. एका मामाच्या मरणाने माझे दहा हजार जाणार, आणि त्या मामाचं दुःख करायचं सोडून मी व्यवहाराचा विचार करतोय, याचीही मला लाज वाटली. दिवसभर मी घर ते दुकान अशा सात खेपा घातल्या. आई ओसरीवर बसून माझ्या खेपा बघत होती. "पाय दुखतील," एवढंच म्हणाली. दुपारी तिने लहानपणीसारखा माशाचा तिखट रस्सा केला आणि मी तो पित्ताची पर्वा न करता दोन वाट्या प्यायलो. तिने माझ्या टकलावर हात फिरवला आणि म्हणाली, "धाकल्या, तुझ्या बापालाही चाळिशीत असंच पडलं होतं." तीस वर्षांत आम्ही इतक्या गप्पा मारल्या नव्हत्या. पण माझं लक्ष घड्याळात होतं, हे कबूल करतो.

तीस तारीख. शेवटचा दिवस. दुकान तीनला उघडलं, आणि सहाला सगळं संपणार होतं. मी आत शिरलो आणि माझा तोल सुटला. सरकार, योजना, नेटवर्क, थोंगदीचा गुडघा, सगळ्यांना एका दमात फैलावर घेतलं. "आणि तुझा मामाही नेमका कालच जायचा होता?"

थोंगदीने गल्ला बंद केला. मग हळूच म्हणाला, "मामा दोन वर्षांपूर्वीच गेला, दादा."

मी तिथल्याच एका गादीवर बसलो.

"मशीन पहिल्या दिवसापासून विकायचंच होतं. आणि नेटवर्क इथे मागे चिंचेखाली चांगलं येतं. तुमच्या आईने सांगितलं होतं, याला लगेच सोडू नकोस. थोडे दिवस ताटकळव." त्याने गल्ल्याखालून एक कागद काढला. कागदावर नावं होती. "एकट्या तुमच्या आईने नाही हो. गावातल्या अकरा जणींनी. कुणाचा पंखा, कुणाचे पत्रे, कुणाची गादी, आणि पुढे किती दिवस थांबवायचं तेही लिहून दिलंय. नाही म्हणायची सोय आहे का? या सगळ्यांनी मला लहानपणी कडेवर घेतलंय. मी दुकान चालवतोय की पाळणाघर, तेच कळेना. तुमच्या आईपायी या गुडघ्याने दोनशे पायऱ्या चढलो मी!"

चिंचेखाली गेलो. चष्मा काढला, आणि फोनने मला एका क्षणात ओळखलं. नऊ हजार आठशे नव्वदचं मशीन, उरलेल्या एकशे दहाची धुण्याची पावडर. पाच वाजायच्या आत सगळं आटोपलं. उद्या सकाळच्या बसवर मशीन चढवायचं असं ठरवून थोंगदीने ते हातगाडीवरून घरी पोचवलं. मी त्याच्या पुढे चालत होतो, आणि आईला काय काय सुनवायचं याची मनात उजळणी करत होतो. चार दिवस! माझी नोकरी, माझी बायको, माझं पित्त! आईला जाब विचारायचाच असं मी पक्कं केलं होतं.

आई घरामागे होती. पाटावर बसून टबात कपडे घासत होती. माझे सदरे होते ते. चार दिवस मी रोज एक सदरा खुंटीला टाकत होतो आणि सकाळी तो घडी करून उशाशी मिळत होता. कोण धुतं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तिची बोटं सांध्यांवर गाठी येऊन वाकडी झालेली, आणि त्या बोटांनी ती माझी कॉलर चोळत होती. एकोणऐंशी वर्षांची बाई.

"आई," मी म्हणालो. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही. "थोंगदीला तू सांगितलंस?"

"सांगितलं." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "मी दोनच दिवस मागितले होते. त्याने चार दिले. चांगला मुलगा आहे."

मी चिंचेखाली परत गेलो आणि ओरावनला फोन लावला. सगळं सांगितलं.

"आई या वयात हाताने धुतात?" तिने विचारलं.

"हो."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

उशाशी रोज घडी केलेला सदरा मिळायचा, एवढंच मी सांगितलं.

"मशीन तिथेच बसवा," ती म्हणाली.

"अगं, आणि तुझं मनगट?"

"माझ्या मनगटाला आता काय होणार? धुणं तुम्ही धुणार आहात."

आईने मात्र थयथयाट केला. दोन कपड्यांसाठी एवढं मोठं यंत्र कशाला, वीज किती जाईल, पिल्लं घाबरतील. थोंगदीने नळ जोडून दिला. पहिल्यांदा फिरलं तेव्हा ती लांब उभी राहिली. दुसऱ्यांदा स्टूल घेऊन समोर बसली आणि पाणी थांबेपर्यंत उठली नाही. मग हात पुसत म्हणाली, "चांगलंय. पण माझ्या एकटीच्या कपड्यांत त्याचं पोट भरायचं नाही. तुमच्या चादरी आणत जा. जाड कपडे हाताने धुवू नयेत." सकाळी बसपाशी तिने मला केळीच्या पानात बांधलेला भात दिला आणि वहीतून नाव हलवू नकोस असं बजावलं.

आता मी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी दारासमोर टब घेऊन बसतो. गल्लीला तेवढीच करमणूक. बुआलोय मावशी मला कॉलर घासायची पद्धत शिकवतात आणि गिऱ्हाइकांना दाखवतात. मोंगकोन साहेबांनी एकदा हिशेब मांडला: बसभाडं, चार दिवसांची रजा, औषधं, आणि घरात मशीन नाही ते नाहीच. "मग थावोन, देशाचा काही फायदा झाला का या योजनेचा?" त्यांनी विचारलं. मला भाषण करायचं होतं. पण साबण डोळ्यात गेला होता. अकरा आयांना विचारून सांगतो, असं म्हणालो.

काल रविवार. ओरावनने चादरी धुवायला काढल्या म्हणून मी दुपारी त्या तुडवून तुडवून धुतल्या. कंबर मोडली. संध्याकाळी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो, तेवढ्यात आईचा फोन आला. मशीन नीट चालतंय, पिल्लं मोठी झाली, थोंगदीचा गुडघा बरा आहे, हे सगळं सांगून झालं.

"धाकल्या," ती म्हणाली, "चादरी मळल्या असतील ना रे तुमच्या?"

मी हातातल्या पांढऱ्याशुभ्र चादरीकडे पाहिलं.

"हो आई," मी म्हणालो. "फारच मळल्यात."